रविवारी बघू

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या आयुष्यात पलंगाला फार मोठे स्थान असते. हे वाक्य वाचून दिवाळी अंकाच्या सोवळ्या वाचकांनी दचकू नये. आणि तत्त्वज्ञानाचे मास्तर झोपाळू असतात असाही त्याचा अर्थ घेऊ नये, जरी त्यात तथ्य नाही असे मी शपथेवर सांगणार नाही. मला म्हणायचे आहे ते प्लेटोच्या पलंगाबद्दल. आपल्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात प्लेटोने एक पलंग आणून ठेवला, आणि तेव्हापासून आजतागायत जगातले सगळे तत्त्वज्ञानाचे मास्तर त्याच्याभोवती घिरट्या घालीत आहेत. प्लेटो म्हणतो, पलंग तीन. एक ईश्वराने निर्मिलेला, म्हणजे पलंगपणाचे मूळ रूप. दुसरा सुताराने त्या रूपाकडे लक्ष ठेवून केलेला. आणि तिसरा चित्रकाराने सुताराच्या पलंगाकडे पाहून रंगवलेला. पहिला खरा, दुसरा त्याची छाया, तिसरा छायेची छाया.

१९७८ पासून २०१४ पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, दरसाल जुलै-ऑगस्टच्या सुमाराला मी हे तीन पलंग वर्गात मांडीत आलो. एका वर्षी मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, यांतल्या कोणत्या पलंगावर झोपता येतं?” वर्ग हसला, मीही हसलो. “फक्त दुसऱ्या,” एवढे सांगून मी पुढच्या मुद्द्याकडे वळलो. तो प्रश्न थट्टेचा होता असे मला त्या वेळी वाटले होते.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी दुपारी आमच्या घरातला दुसऱ्या प्रकारचा पलंग मोडला. आमचा नातू सात वर्षांचा आहे. खाली अंगणात किल्ला बांधून झाला होता, मावळे रंगवून वाळत पडले होते, आणि माती वाळेपर्यंत करायचे काय म्हणून स्वारीने धाकट्या खोलीतल्या जुन्या पलंगाला सिंहगड ठरवून खिडकीच्या कठड्यावरून त्यावर उडी घेतली. ‘कडाड्’ असा आवाज झाला, गादी मध्यभागी खचली आणि तानाजी रडू लागला. त्याला काही लागले नव्हते. पलंग मोडल्याबद्दल आता काय होणार, या भीतीने तो रडत होता.

मुलगा म्हणाला, “बाबा, आता टाकून द्या हो तो. साठ वर्षं झाली त्याला. नवीन घेऊ, खाली सामान ठेवायची पेटी असलेला. प्लायवूडचा असतो, वरची फळी उचलली की सगळं आत मावतं.” सूनबाई काही बोलली नाही, पण आत काय काय मावेल याचा हिशेब तिच्या डोळ्यांत दिसत होता. माझी पत्नी तर अजिबातच बोलली नाही, आणि हे मला त्या वेळी चमत्कारिक वाटायला हवे होते. “मी दुरुस्त करीन,” मी म्हणालो. यावर घरात जो हशा पिकला तो अगदीच अस्थानी नव्हता. घरातली वस्तू दुरुस्त करण्याचा माझा आजवरचा अनुभव म्हणजे एकदा फ्यूजची तार बदलली होती, आणि ती दुसऱ्या दिवशी वायरमनला पुन्हा बदलावी लागली होती.

या पलंगाचा थोडा इतिहास सांगायला हवा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. नारायण पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावर आमचे भाड्याचे बिऱ्हाड होते. मी तेव्हा सात वर्षांचा, म्हणजे आजच्या आमच्या तानाजीएवढा होतो. पाणी ओसरल्यावर आम्ही परतलो तेव्हा वाड्याचा निम्मा भाग उभा होता आणि आमच्या दोन खोल्यांत कमरेइतका चिखल होता. भांडी सापडली, लाकूडसामान बहुतेक सगळे गेले होते. पुढे दोन वर्षे आम्ही सगळे जमिनीवर झोपलो. १९६३ साली वडिलांनी हा पलंग करवून घेतला. पुरात पडलेल्या वाड्यांचे सागवान तेव्हा विकायला निघाले होते. त्यातलेच खांब आणून सुताराने त्यांचे खूर केले आणि तुळईच्या तुकड्यांची गाती केली. एका खुराला आजही एक चौकोनी भोक बुजवल्याची खूण आहे. कोणे एके काळी कुणाच्या तरी माडीच्या तुळईचे कुसू त्यात बसत असेल. खूर आणि गाती होईपर्यंत वडिलांचे पैसे संपले, म्हणून मधल्या आडव्या पट्ट्या देवदाराच्या खोक्यांच्या केल्या. त्यांच्या खालच्या अंगाला काळ्या शाईतली अर्धीमुर्धी अक्षरे होती. मला ती पाठ होती, कारण लहानपणी पलंगाखाली मी पुष्कळ राहिलो आहे. पावसाळ्याच्या दुपारी तिथे चटई टाकून उताणे पडावे आणि फटींतून गादीचे निळे पट्टे पाहावेत, यापरते सुख नव्हते. पुढे माणूस मोठा होतो आणि पलंगाच्या वरच्या बाजूला राहायला जातो.

वडील १९९६ साली गेले. आई कोथरूडला आमच्याकडे आली, ती हा पलंग घेऊनच. “मला काही नको, पलंग तेवढा आण,” म्हणाली. धाकट्या खोलीत ती त्यावर नऊ वर्षे झोपली. २००५ साली ती गेल्यावर तो पाहुण्यांचा झाला, आणि पाहुण्यांचे येणे कमी झाल्यावर वाळलेल्या कपड्यांचा झाला.

तर धनत्रयोदशीच्या सकाळी मुलाने आणि मी गादी काढून तो पलंग उलटा केला. पलंग उलटा करणे हा एक विलक्षण अनुभव आहे. जन्मभर ओळखीचा असलेला माणूस अचानक दुसऱ्याच भाषेत बोलू लागावा तसे काहीसे वाटते. कोळिष्टके, एक गोटी, जपाची तुटलेली माळ, २०११ साली चलनातून गेलेले चार आण्यांचे एक नाणे. पट्ट्या एकूण अकरा. उशाकडून तिसरी आणि पाचवी मोडली होती. मोड ताजी होती, आतले लाकूड पांढरे-पिवळे, नुकत्याच सोललेल्या बदामासारखे. भिंतीकडच्या बाजूला आणखी दोन पट्ट्या भुंग्याने पोखरल्या होत्या. बोटाने दाबले की पिठासारखा भुसा गळे.

या दोन मोडलेल्या पट्ट्यांच्या मधली, चौथी पट्टीही मोडलेली होती. पण ती काल मोडलेली नव्हती. तिची मोड काळी पडली होती, तिच्यात धूळ बसून घट्ट झाली होती. मोडलेल्या जागेखाली हातभर लांबीची एक वेताची काठी लावलेली होती, हाड मोडल्यावर कामटी बांधतात तशी; आणि ती काठी नऊवारी लुगड्याच्या काठाच्या चिंध्यांनी सात ठिकाणी आवळून बांधली होती. हिरवा काठ, त्यावर रुद्राक्षाची नक्षी. प्रत्येक बांधावर एकसारखी गाठ. ती गाठ मी ओळखली. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधताना आई तीच गाठ मारीत असे.

नातवाच्या उडीने शेजारच्या दोन धडधाकट पट्ट्या मोडल्या होत्या. ही बांधलेली जागची हलली नव्हती.

मी खाली बसलो. मुलाला वाटले मला चक्कर आली. तसे काही नव्हते. मला एक वाक्य आठवले होते. “अरे, पलंग कुरकुरतोय रे. कूस बदलली की काहीतरी टोचतं. जरा बघशील?” आणि त्यावरचे माझे उत्तर, “रविवारी बघू.” २००१ सालची गोष्ट असावी, विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरात आले होते, आणि मी त्यांत बुडालो होतो. काही दिवसांनी तिने पुन्हा एकदा विचारले असावे. उत्तर तेच असणार. त्यानंतर तिने विचारले नाही आणि पलंगही कुरकुरला नाही. मला वाटले, आपोआप बरे झाले. लाकूड आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आवळते, असे काहीतरी शास्त्र मी मनाशी लावले असेन. मला सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. तिच्या तेराव्या दिवशी जमलेल्या नातेवाइकांपुढे मी चार शब्द बोललो होतो, आणि त्यातला एक शब्द सगळ्यांना फार आवडला होता. मी म्हणालो होतो, “आईने आयुष्यात कधी कशाची तक्रार केली नाही.” दोन-तीन वडीलधाऱ्यांनी डोळे पुसले होते.

पत्नी चहा घेऊन आली. उलट्या पलंगाकडे तिने एकदा पाहिले.

“मला ठाऊक होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“हे. काठी मीच धरली होती. आईंनी बांधलं.”

“शहात्तराव्या वर्षी? पलंगाखाली शिरून?”

“अर्ध्या शिरल्या होत्या. तुम्ही कॉलेजात होता. म्हणाल्या, त्याला नको सांगूस, तो पेपर तपासतोय, उगीच मनाला लावून घेईल.”

मला राग आला. हे कबूल करायला हवे. दु:ख नंतर झाले, आधी राग आला. मी म्हणालो, “हा काय तुमचा दोघींचा चांगुलपणा? तुम्ही मला न सांगता माझ्यावर दया केलीत, आणि माझ्या हातून एक गोष्ट व्हायची ती होऊ दिली नाहीत. मला संधीच दिली नाहीत तुम्ही.”

“संधी?” ती म्हणाली. “रविवार दर आठवड्याला येत होता.”

आणि ती चहाचा रिकामा कप घेऊन आत गेली. वादात हरण्याची मला बऱ्यापैकी सवय आहे, परंतु छत्तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवून पाच शब्दांच्या वाक्याने निरुत्तर होणे जरा जड गेले.

आता खरा प्रश्न. जी गोष्ट मला ठाऊकच नव्हती तिचा दोष माझ्याकडे येतो का? सामान्यत: आपण म्हणतो, नाही. अजाणता घडलेले ते घडलेले. पण ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात या सबबीला एक चांगलेच कुंपण घातले आहे. दारूच्या धुंदीत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट दंड करण्याचा कायदा होता, असे सांगून तो म्हणतो की, यात अन्याय नाही; कारण धुंदी टाळणे त्याच्या हाती होते. स्वत:च्या अज्ञानाला जो स्वत:च कारण झाला, त्याला अज्ञानाची ढाल पुढे करता येत नाही. हे मी दरवर्षी शिकवीत असे, आणि उदाहरण म्हणून दारू न पिणाऱ्या वर्गापुढे दारूचेच उदाहरण देत असे. दुसऱ्या कुठल्या धुंदीचे उदाहरण मला कधी सुचले नाही. उत्तरपत्रिकांची धुंदी असते, कामाची असते. आपण कुणाला तरी उपयोगी पडत आहोत या समजुतीची धुंदी तर फारच दाट असते.

पण म्हणजे मी दोषी आणि आई-पत्नी निर्दोष, इतके ते सरळ आहे असेही मला अजून वाटत नाही. आपल्याकडे न बोलणाऱ्याची फार थोरवी गायली जाते, विशेषत: न बोलणारीची. ‘तोंडातून कधी ब्र काढला नाही’ हे आपल्या घराघरांतल्या बायकांना मरणोत्तर मिळणारे पदक आहे. त्या पदकाचा खर्च कोण सोसते हे बाजूला ठेवले तरी, ज्याच्यापासून ती कुरकुर लपवली जाते त्याचेही त्यात काही जाते. त्याला लहान मुलासारखे बाजूला ठेवले जाते. घरातले खरे व्यवहार त्याच्या पाठीमागे, पलंगाखाली, चालतात, आणि तो वर बसून समजतो की, आपले घर सुरळीत चालले आहे. हे मी रात्री पत्नीला बोलून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले. “खरं आहे,” म्हणाली, “पण आईंनी दोनदा सांगितलं होतं. न बोलणं तिसऱ्यांदा सुरू झालं.” माझ्या युक्तिवादाला पडलेले हे भोक मला अजून बुजवता आलेले नाही. जी माणसे तक्रार करीत नाहीत त्यांच्यापैकी कितींनी आधी दोनदा केलेली असते, याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

लाकूड आणायला मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात गेलो. दिवाळीमुळे निम्मी दुकाने झेंडूच्या माळा लावून बंद होती. एका वखारीत एक म्हातारे मिस्त्री करवतीवर बसलेला भुसा झाडीत होते. त्यांना मी माझे काम सांगितले. “पट्ट्या कशाला, साहेब? प्लाय टाका एक अखंड. अर्ध्या तासाचं काम.” मी म्हणालो, गादी कापसाची आहे. त्यावर त्यांचा चेहराच बदलला. “मग नको. पट्टीच पायजे. कापसाला वारा लागतो खालून. पावसाळ्यात प्लायवर कापूस ठेवला की बुरशी धरतो.” मग त्यांनी मला जो पाठ दिला तो मी अनेक विद्वानांकडून घेतलेल्या पाठांपेक्षा नीट लक्षात ठेवला आहे. पट्टी वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. लाकूड मोडते ते ताणाच्या बाजूने, म्हणजे खालून. म्हणून पट्टीत गाठ असेल तर ती बाजू वर ठेवायची. “गाठ दाबाला टिकती, ताणाला न्हाई टिकत.” जाडीचाही हिशेब मोठा मौजेचा आहे. पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: पाऊण इंचाऐवजी एक इंच जाडी घेतली की, वाढ दिसायला पाव इंचाची, पण ताठपणा सव्वादोन पटींहून जास्त होतो. आणि पट्ट्यांच्या खालून मधोमध एक उभा दांडा दिला तर आधारांमधले अंतर निम्मे होते आणि वाकणे निम्मे न होता आठवा हिस्सा होते. चाळीस-साडेचाळीस इंचांच्या पट्टीला मधला दांडा हवाच, असे मिस्त्रींचे मत पडले. माझ्या वडिलांच्या सुताराने तो दिला नव्हता. दिला असता तर ही सगळी कथाच झाली नसती.

पूर्वीच्या देवदाराऐवजी पाइनच्या एक इंची पट्ट्या, चार इंच रुंद, मी घेतल्या. घरी आलो. उशाजवळ पलंगाचा आतला गाळा मोजला: साडेचाळीस इंच. भूमितीवर माझा विश्वास असल्यामुळे पाचही पट्ट्या मी एकाच मापाने कापल्या. करवत वाकडी जायची ती गेली, गुण्या धरूनही गेली. पण अखेर पाच सारख्या पट्ट्या झाल्या आणि त्या मी अभिमानाने बसवायला घेतल्या. दोन बसल्या. एक आत जाईना. राहिलेल्या दोन, पलंगाच्या मध्यभागी, अर्ध्या इंचाने आखूड पडल्या. एका बाजूच्या टेकूवरून घसरून दाणकन खाली आल्या. साठ वर्षांत पलंगाची गाती किंचित बाहेरच्या अंगाला वाकली होती. मधे तो पोटाळला होता, पायथ्याशी आवळला होता. अकरा पट्ट्यांची अकरा मापे होती, आणि प्रत्येक जुनी पट्टी आपापल्या जागेच्या मापाची होती. ती मापे माझ्यासमोर जमिनीवरच पडलेली होती. मोडकी म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलेच नव्हते.

तिथे त्या भुशात बसून मला प्लेटोचाच दुसरा एक संवाद आठवला, ‘क्रॅटिलस’. त्यात सॉक्रेटीस विचारतो: सुतार विणकराचा धोटा करीत आहे, करता करता तो मोडला, तर दुसरा धोटा तो कशाकडे पाहून करील? मोडक्या धोट्याकडे पाहून, की ज्या रूपाकडे पाहून त्याने पहिला केला त्या रूपाकडे? आणि उत्तर मिळते, अर्थात रूपाकडे. मी हे उत्तर आयुष्यभर निर्विवाद मानले. नवी वस्तू करताना ते बरोबर असेलही. पण दुरुस्तीचे शास्त्र नेमके उलटे आहे. दुरुस्त करणाऱ्याला मोडक्याकडेच पाहावे लागते. कुठे मोडले, कोणत्या अंगाने मोडले, शेजारचे किती झुकले आहे, हे त्या मोडक्याखेरीज दुसरे कोणी सांगू शकत नाही. आणि विचार करता करता माझ्या ध्यानात आले की, घरात नवी माणसे आपण फार थोड्या वेळा घडवतो. बाकी सगळा संसार दुरुस्तीचा असतो. मी मात्र आईच्या बाबतीतही रूपाकडेच पाहत राहिलो. मातृभक्तीवर माझे एक व्याख्यान होते, ते मी तीन गावी दिले. व्याख्यान वाईट नव्हते. कूस बदलली की टोचते, असे सांगणाऱ्या एका विशिष्ट म्हातारीचे माप मात्र मी घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा भवानी पेठ, पुन्हा दोन पट्ट्या, आणि या वेळी प्रत्येक जागेचे निराळे माप. स्क्रू मारण्याआधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे लागते हे एका पट्टीचे टोक चिरल्यावर कळले. स्क्रूला साबण लावला की तो लोण्यात गेल्यासारखा जातो, हे मात्र मला शेजारच्या बाईंनी सांगितले. पुण्यात कोणाला काय ठाऊक असेल याचा नेम नाही.

राहिली चौथी पट्टी. तिला हात लावायला माझे मन होईना. तशीच ठेवावी, आईच्या हातची म्हणून, असे माझ्या मनात होते. मुलाचेही तेच मत पडले. तो तर तिचा फोटो काढून कुठेतरी पाठवण्याच्या विचारात होता. पत्नी म्हणाली, “काढा ती. काही पूजेत ठेवायची वस्तू नाही. त्या वेळी दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून बांधली. आईंना कोणी नवी पट्टी आणून दिली असती तर त्यांनीच ती काढली असती.” मी गाठी सोडवायला बसलो. चोवीस वर्षांच्या गाठी. त्या दगड झाल्या होत्या. अर्धा तास नखे मोडून घेतल्यावर मी कात्री मागितली. तिने कात्री आणली नाही. खाली बसली, गाठीतून बाहेर आलेल्या दोन टोकांपैकी आखूड टोक धरून एकच हिसडा दिला, आणि गाठ सुटली. दादऱ्याची गाठ सुटण्यासाठीच मारलेली असते. फक्त कोणते टोक ओढायचे ते ठाऊक हवे. सातही गाठी तिने अशाच सोडल्या. मग हातातली काठी निरखून म्हणाली, “अय्या, ही तर आपली कपडे वाळत घालायची काठी! हातभर तुकडा कापून घेतला होता त्यांनी. उरलेली आखूड झाली म्हणून मी भंगारात दिली, आणि नवी आणली तर तुम्ही किती बोलला होतात मला.”

मी बोललो असेन. आठवत नाही.

चिंध्या तिने गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवल्या. काठी गॅलरीत आकाशकंदील टांगायला उपयोगी पडली. पलंग सुलटा केला, मधला दांडा बसला, गादी टाकली, आणि नातवाला मी अधिकृतपणे एक उडी मारायची परवानगी दिली. तो घाबरून पलंगाच्या कडेवर नुसता बसला. मग म्हणाला, “आजोबा, इतकं सगळं बदललं, तर हा पणजीआजीचा पलंग आहे की तुमचा?” ग्रीकांच्या थीसियसच्या जहाजाची गोष्ट मी त्याला सांगू लागलो. कुजलेल्या फळ्या बदलत बदलत अथेन्सच्या लोकांनी ते जपले, आणि मग ते तेच जहाज की दुसरे यावर तत्त्वज्ञांचे दोन पक्ष पडले, येथवर येईतो तो फुलबाज्या आणायला पळाला. बरे झाले. खुरातले ते बुजवलेले भोक पाहता हा पलंग पहिल्या दिवसापासूनच कुणाचा तरी खांब होता, आणि त्याला ‘आजीचा’ म्हणायला तेव्हाही कोणाची हरकत नव्हती.

लक्ष्मीपूजनानंतर मुलगा-सून-नातू आपल्या घरी परतले. पत्नीची पाठ अलीकडे दुखते; मोठ्या पलंगाच्या मऊ गादीपेक्षा कापसाची कडक गादी तिला बरी वाटते, म्हणून ती धाकट्या खोलीत झोपू लागली. चार-सहा दिवस गेले. माझ्या कामाबद्दल कोणी काही म्हणेना, म्हणून एका संध्याकाळी मीच विचारले, “काय गं, पलंग कुरकुरत नाही ना?”

ती मेथी निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, “छे. छान झालाय.”

त्या दिवशी बुधवार होता. मी बॅटरी घेतली, धाकट्या खोलीत गेलो, आणि गुडघे टेकून पलंगाखाली डोके घातले. सातव्या पट्टीचा भिंतीकडचा स्क्रू निम्मा वर आला होता. आणि त्या टोकाखाली, पट्टी आणि टेकू यांच्या मधल्या फटीत, मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची चार पदरी घडी करून नीट ठोकून बसवलेली होती.